उतरलेले वजन, हलता काटा

मराठीत एखाद्याची 'तब्येत सुधारली' असे म्हटले की त्याचे वजन वाढले, हा अर्थ ऐकणाऱ्याला न सांगता कळतो, आणि 'खात्यापित्या घरचा' या शब्दांतही भरलेल्या अंगाकडे कौतुकाने पाहण्याचीच दृष्टी असते. ही भाषा आज अशा समाजात बोलली जाते, ज्यात स्थूलतेच्या पाठोपाठ मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार येतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ या वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा स्थूल आढळले होते. वजन उतरवण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया करून घेणे ही गोष्ट मराठी वाचकांच्या कानावर ठळकपणे पडली ती २०११ मध्ये, राजकीय नेते नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत अशी शस्त्रक्रिया झाल्याच्या बातम्या आल्या तेव्हा. त्यानंतरच्या वर्षांत दक्षिण मुंबईतील मोठ्या रुग्णालयांपुरती वाटणारी ही शस्त्रक्रिया अंधेरी, कांदिवली, बोरिवली, मुलुंड अशा उपनगरांतील मध्यमवर्गीय कुटुंबांच्याही विचारात येऊ लागली.

या शस्त्रक्रियेविषयी जे बोलले जाते ते बहुतेक पहिल्या वर्षाविषयीचे असते, कारण त्या वर्षात काटा भराभर खाली येतो, जुने कपडे सैल होतात आणि आधीची व नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवून दाखवता येतात. त्यानंतरच्या वर्षांत मात्र काटा खाली-वर होत राहतो, कधी महिनोन्‌महिने हलत नाही, तर कधी हळूहळू वर सरकतो, आणि ही वाढ म्हणजे आपलाच दोष असे मानून अनेक रुग्ण डॉक्टरांकडे जाणेच टाळू लागतात. वस्तुतः या चढउतारांची कारणे तीन निरनिराळ्या प्रकारांत मोडतात: काही दिवसांपुरते होणारे बदल बहुतांशी शरीरातील पाण्याचे असतात, काही वर्षांच्या अवधीत होणारी मर्यादित वाढ हा शरीराच्या स्वाभाविक प्रतिकाराचा भाग असतो, आणि सवयी, औषधे, आजार किंवा पोटातील रचनेतील बदल यांमुळे होणारी वाढ ही तिसऱ्या प्रकारात येते. पहिल्या प्रकाराकडे शांतपणे पाहावे लागते, दुसऱ्याची तयारी आधीपासून ठेवावी लागते आणि तिसऱ्यावर वेळेत उपचार करावे लागतात. एका प्रकाराला दुसरा समजले की एकतर विनाकारण उपासमार होते किंवा खरा आजार अंगावर काढला जातो.

शस्त्रक्रियेने काय बदलते

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांना एकत्रितपणे बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात आणि आज त्या प्रायः दुर्बिणीतून, पोटावर लहान छिद्रे पाडून केल्या जातात. त्यांपैकी सर्वाधिक केल्या जाणाऱ्या 'स्लीव्ह' या प्रकारात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश ते चारपंचमांश भाग उभा कापून काढून टाकतात आणि उरलेल्या जठराला बाहीसारखा नळीचा आकार येतो, ज्यात सुरुवातीला जेमतेम एका लहान वाटीएवढे अन्न मावते. 'बायपास' या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला लिंबाएवढी छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या आरंभीच्या भागाला वळसा घालून जाते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये बायपासचा मूळ प्रकार सुरू केला, तर स्लीव्ह ही स्वतंत्र शस्त्रक्रिया म्हणून रूढ झाली ती एकविसाव्या शतकाच्या आरंभी.

या शस्त्रक्रियांमुळे जागा कमी झाल्याने माणूस कमी खातो ही समजूत अर्धीच खरी आहे. भूक आणि तृप्ती यांचे नियमन संप्रेरके, म्हणजे रक्तातून संदेश वाहून नेणारी द्रव्ये, करतात. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधून काढलेले घ्रेलिन हे भूक वाढवणारे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि स्लीव्ह शस्त्रक्रियेत नेमका तोच भाग काढला जातो. याशिवाय अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचू लागल्याने जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात, आणि त्यामुळेच मधुमेही रुग्णाची रक्तशर्करा पुष्कळदा वजन फारसे उतरण्याआधीच सुधारू लागते. शस्त्रक्रिया अशा रीतीने पोट आणि मेंदू यांच्यातील संवादाचा सूर बदलते. परंतु तो संवाद दुतर्फा असतो, आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे काही काळाने ऐकू येऊ लागते.

पाण्याचे वजन

पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणारे वजन आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अचानक थबकणारा काटा या दोन्हींचे स्पष्टीकरण बरेचसे एकाच द्रव्यात सापडते. शरीर तातडीच्या वापरासाठी साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात आणि स्नायूंत करून ठेवते. हा साठा साधारण अर्धा किलो असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार एकदम कमी झाला की हा साठा प्रथम खर्च होतो आणि त्याबरोबरचे पाणी लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे काही दिवसांत दीड-दोन किलो वजन केवळ एवढ्यानेच घटते. पुढे आहारात हळूहळू पातळ आमटी, मऊ भात, ताक असे पदार्थ येऊ लागले की साठा अंशतः पुन्हा भरतो, पाणी परत येते, आणि त्याच काळात चरबी घटत असूनही काटा जागच्या जागी राहतो किंवा किंचित वर जातो. सलाइनमुळे शस्त्रक्रियेनंतर दोन-चार दिवस वजन आधीपेक्षा जास्त भरणे, पापड-लोणचे-फरसाणाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी किलोभर वाढ दिसणे, मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांतील जडपणा आणि बद्धकोष्ठ हेही त्याच जातीचे बदल होत.

वजनाचा आकडा पाण्याने कसा हलतो याचे टोकाचे उदाहरण मुंबईने २०१७ मध्ये पाहिले. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाहून इमान अहमद ही अतिस्थूल आणि पक्षाघाताने आजारी असलेली स्त्री त्या वर्षीच्या फेब्रुवारीत चर्नी रोड येथील सैफी रुग्णालयात दाखल झाली, मार्चमध्ये तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात तिला अबू धाबीला नेण्यात आले आणि तेथे सप्टेंबरमध्ये तिचे निधन झाले. द्रव आहार आणि अंगात साचलेले पाणी उतरणे यांमुळे तिचे वजन शस्त्रक्रियेपूर्वीच बरेच घटले होते. तरीही त्या काही महिन्यांत सार्वजनिक चर्चा सतत फिरत राहिली ती किलोंच्या आकड्याभोवती, आणि पुढे त्याच आकड्यांवरून नातेवाईक व डॉक्टर यांच्यात जाहीर मतभेदही झाले. हृदय, मूत्रपिंड आणि मेंदू यांची अवस्था एका आकड्यात मावत नाही, ही जाणीव त्या गदारोळात मागे पडली.

आकड्याच्या अपुरेपणाचा पुरावा महाराष्ट्राकडे त्याआधीपासून होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक, २२.३ इतकाच होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. दिसायला सडपातळ पण चरबीचे प्रमाण जास्त, ही भारतीय शरीराची ठेवण लक्षात घेऊनच शस्त्रक्रियेचा विचार करण्याची मर्यादा आशियाई लोकांसाठी कमी बीएमआयवर, २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार २७.५ पासून, धरली जाते. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णालाही याचा बोध घेण्यासारखा आहे, कारण वजन स्थिर असताना स्नायू झिजून चरबी वाढत असेल तर काटा काही सांगत नाही, आणि व्यायामाने स्नायू भरून वजन किलोभर वाढले तर तो उगाच घाबरवतो.

दुसऱ्या वर्षानंतरचा चढ

माणसाचे शरीर दुष्काळांतून तगून आलेले आहे आणि वजनातील मोठी घट ते संकट म्हणूनच नोंदवते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून जो प्रयोग केला, त्यात त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेचा खर्च त्याहूनही जास्त प्रमाणात उतरला आणि अन्नाचे विचार त्यांची पाठ सोडेनात. १९९४ मध्ये शोध लागलेले लेप्टिन हे संप्रेरक चरबीच्या पेशींतून स्रवते आणि साठा किती आहे याची वर्दी मेंदूला देते. चरबी घटली की लेप्टिन घटते, मेंदू भूक वाढवतो आणि खर्च आवरतो. शस्त्रक्रियेने बदललेली संप्रेरके काही काळ या ओढीवर मात करतात, परंतु ओढ नाहीशी होत नाही. शिवाय जठराची नळी किंवा पिशवी हळूहळू थोडी सैलावते, सुरुवातीला नकोसे वाटणारे पदार्थ पुन्हा आवडू लागतात, आणि अंगच लहान झाल्याने त्याला चालते-बोलते ठेवण्यास लागणारे इंधनही कमी झालेले असते.

म्हणूनच दीर्घकाळ चाललेल्या सर्व मोठ्या अभ्यासांत वजनाची रेषा जवळपास सारखाच आकार घेते: प्रथम खोल उतार, मग एक ते दोन वर्षांच्या सुमारास तळ, त्यानंतर हलका चढ आणि पुढे सपाटी. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या, चार हजारांहून अधिक लोकांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासात बायपास केलेल्यांचे वजन एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी घटले होते आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली होती, तर शस्त्रक्रिया न केलेल्या तुलनेच्या गटाचे वजन एवढ्या काळात जवळपास होते तिथेच राहिले. महत्त्वाचे म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूंचे प्रमाणही लक्षणीय कमी निघाले. अमेरिकेतील एका बहुकेंद्री अभ्यासात बायपासनंतर सर्वाधिक घट मूळ वजनाच्या सुमारे ३७ टक्के होती, ती साधारण दोन वर्षांनी गाठली गेली, आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत घटलेल्या वजनापैकी मध्यम प्रमाणाने सुमारे २७ टक्के वजन परत आले.

हे शेवटचे प्रमाण घरगुती हिशेबात मांडले की त्याची भीती बरीच कमी होते. १२० किलो वजनाची व्यक्ती ७५ किलोपर्यंत उतरली आणि उतरलेल्या ४५ किलोंपैकी सुमारे १२ किलो परत आले तर ती ८७ किलोवर येते. तळाशी तुलना केली तर ही बारा किलोंची हार दिसते, आरंभाशी तुलना केली तर तेहतीस किलोंचा टिकलेला लाभ दिसतो. मधुमेह, रक्तदाब, यकृतातील चरबी, सांध्यांवरचा भार या सर्वांच्या दृष्टीने महत्त्व असते ते या दुसऱ्या आकड्याला. वैद्यकीय परिभाषाही अलीकडे याच दिशेने वळली असून, वाढलेल्या वजनाला 'शस्त्रक्रियेचे अपयश' न म्हणता 'वजनवाढीची पुनरावृत्ती' म्हणण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे, कारण स्थूलता हा मधुमेहासारखाच जन्मभर सांभाळायचा विकार मानला जातो आणि औषधांनी आटोक्यात आलेली शर्करा पुन्हा वाढली म्हणून कोणी मधुमेह्याला अपयशी ठरवत नाही.

उपनगरातील ताट

शरीराची ओढ सर्वत्र सारखी असली तरी तिला वाट करून देणारी परिस्थिती गावागणिक निराळी असते आणि कांदिवली हे तिचे एक ठळक उदाहरण आहे. पूर्वेला ठाकूर व्हिलेज, लोखंडवाला आणि आकुर्ली रस्त्याच्या वसाहती, पश्चिमेला म्हाडाच्या चाळी-सोसायट्यांनी वाढलेले चारकोप आणि महावीरनगर, अशा या उपनगरातून नोकरदार माणूस लोकलने चर्चगेटकडे जातो तेव्हा एका बाजूचा प्रवासच तासाभराचा होतो. सकाळी घाईत घेतलेला चहा, दुपारी थंड झालेला डबा, संध्याकाळी स्थानकाबाहेर वडापाव आणि रात्री दहाला पोटभर जेवण, हा क्रम सवयीचा झालेल्या शरीराला शस्त्रक्रियेनंतर दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे, सावकाश चावून खाण्याची शिस्त लावायची असते. त्यात महावीरनगरच्या खाऊ गल्लीत संध्याकाळी लागणाऱ्या गाड्या, पावभाजीपासून चीज घातलेल्या डोशापर्यंत, घराच्या वाटेवरच उभ्या असतात.

लहान झालेल्या जठरात मोठे जेवण मावत नाही, त्यामुळे रुग्ण पूर्वीसारखे ताटभर खाऊन वजन वाढवतो असे क्वचितच घडते. वजन वाढते ते दोन वाटांनी. पहिली वाट म्हणजे दिवसभर चघळणे: चिवडा, खाकरा, शेव, बिस्किटे असे हाताशी असलेले पदार्थ चिमूट-चिमूट खाल्ले जातात, पोट कधीच भरल्यासारखे वाटत नाही आणि खाल्ल्याची नोंद मनातही होत नाही. दुसरी वाट म्हणजे सरकून जाणारे मऊ पदार्थ: आइस्क्रीम, श्रीखंड, बासुंदी, गोड लस्सी, फळांचे रस हे नळीसारख्या जठरातून अडथळ्याविना खाली उतरतात, तृप्ती देत नाहीत आणि उष्मांक मात्र भरपूर देऊन जातात. दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेणाऱ्याच्या पोटात केवळ साखरेचे सुमारे १६० उष्मांक जातात, आणि शस्त्रक्रियेनंतर आठशे ते बाराशे उष्मांकांवर दिवस काढणाऱ्या माणसाच्या हिशेबात हा वाटा मोठा ठरतो. जेवताना पाणी पिण्याची सवयही अन्न लवकर खाली ढकलते, म्हणून जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवण्यास सांगतात.

याच्या उलट ज्या घटकाची गरज सर्वाधिक असते ती प्रथिने, म्हणजे स्नायू टिकवणारा अन्नांश, कांदिवलीतील अनेक मराठी, गुजराती आणि जैन घरांच्या ताटात मुळातच कमी असतात. रोज निदान साठ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असा सर्वसाधारण सल्ला असतो. शिजलेल्या घट्ट डाळीच्या वाटीतून ती सात-आठ ग्रॅम, एका अंड्यातून सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमधून सुमारे अठरा ग्रॅम आणि तेवढ्याच बांगड्यातून वा सुरमईतून वीसच्या आसपास ग्रॅम मिळतात, तर पोळी-भात-बटाट्याने जठर भरले की त्यांना जागाच उरत नाही. म्हणून ताटाचा क्रम उलटा करावा लागतो: आधी डाळ, उसळ, पनीर, अंडे किंवा मासा, मग भाजी, आणि जागा उरली तर भात किंवा पोळी. प्रथिने अपुरी पडली की वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, स्नायू झिजले की ऊर्जेचा खर्च आणखी घटतो, आणि पुढच्या वजनवाढीचा पाया तिथेच घातला जातो.

उपवास हा येथील आणखी एक प्रश्न आहे. एकादशी, चतुर्थी किंवा श्रावणी सोमवार या दिवसांत डाळी-उसळी वर्ज्य होतात आणि त्यांच्या जागी जवळपास निव्वळ पिठूळ साबुदाणा, बटाटा, तळलेला फराळी चिवडा आणि केळी येतात. उलट निर्जळी उपवासात, एका वेळी घोट-दोन घोटच पिऊ शकणाऱ्या रुग्णाच्या शरीरातील पाणी धोकादायक रीतीने कमी होऊ शकते. अशा वेळी उपवास सोडण्याचा आग्रह धरण्यापेक्षा दूध, दही, पनीर, राजगिरा, शेंगदाणे यांवर आधारलेला फराळ आहारतज्ज्ञाशी बोलून ठरवता येतो. पंगतीतील आग्रहाचेही तसेच आहे, 'एवढेच?' या प्रश्नाला दर वेळी शस्त्रक्रियेची कथा सांगावी लागू नये म्हणून कुटुंबातील एखाद्या माणसाने ते ओझे स्वतःकडे घेतले तर रुग्णाचे अर्धे काम हलके होते.

कारण आत असते तेव्हा

प्रत्येक वजनवाढ सवयींच्या माथी मारणे अन्यायाचे आणि कधी कधी घातक ठरते. थायरॉइड ग्रंथी मंदावणे, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी दिलेली स्टेरॉइडे, इन्सुलिन, मनोविकारांवरील काही औषधे यांनी वजन वाढते, आणि पायांवर सूज, धाप लागणे यांसह काही दिवसांत झालेली वाढ हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे साचलेल्या पाण्याची असू शकते. बायपासनंतर काही रुग्णांत गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी रक्तशर्करा एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. ते थांबवण्यासाठी रुग्ण पुन्हा साखर खातो, शर्करा चढून पुन्हा उतरते, आणि या चक्रात सापडलेला माणूस जिभेचे लाड करीत असल्याचा ठपका मात्र त्याच्यावर बसतो. स्लीव्हनंतर जठरातील नळी किंवा बायपासनंतर जोडाचे तोंड प्रमाणाबाहेर रुंदावले आहे काय, हे दुर्बिणीच्या किंवा बेरियमच्या तपासणीतून कळते. तसे आढळल्यास दुर्बिणीतून टाके घालून तोंड लहान करणे, किंवा स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करणे, असे मार्ग असतात, आणि स्लीव्हनंतर जळजळ व आम्लपित्त असह्य झालेल्यांना या रूपांतराचा दुहेरी उपयोग होतो. दुसऱ्या शस्त्रक्रियेत मात्र पहिलीपेक्षा धोका जास्त आणि लाभ प्रायः कमी असतो, म्हणून तिचा निर्णय तपासण्यांनंतरच घ्यायचा असतो.

अलीकडे यात औषधांची भर पडली आहे. तृप्तीच्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखे काम करणारी इंजेक्शने, म्हणजे टिर्झेपटाइड (मौंजारो) मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) जून २०२५ मध्ये, भारतात उपलब्ध झाली. त्याच कुळातील लिराग्लुटाइडचा प्रयोग लंडनमध्ये शस्त्रक्रियेनंतर अपेक्षेइतके वजन न घटलेल्या ७० रुग्णांवर झाला, तेव्हा चोवीस आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे ९ टक्क्यांनी, तर औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांचे अर्ध्या टक्क्याने घटले. ही औषधे बंद केली की वजन बहुतांशी परत येते, मळमळ आणि कमी जेवण यांमुळे आधीच तुटपुंजी असलेली प्रथिने आणखी घटू शकतात, आणि म्हणून ती केवळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असतात.

काटा प्रमाणाबाहेर खाली जातो तेव्हाही लक्ष असावे लागते. सतत उलट्या होत असतील तर बी-१ या जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांतच संपून मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. लोह, कॅल्शियम आणि ड व बी-१२ ही जीवनसत्त्वे यांची कमतरता सावकाश येते. पुण्यातील डॉ. याज्ञिक यांच्या अभ्यासांत गर्भवती स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींमध्ये बी-१२ कमी आढळले होते, म्हणजे मुळात उणे असलेल्या शाकाहारी शरीरात शस्त्रक्रियेने शोषण आणखी घटते. वजन छान टिकले आहे म्हणून गोळ्या बंद करणारा रुग्ण पाच वर्षांनी हातापायांच्या मुंग्यांनी किंवा पंडुरोगाने पुन्हा रुग्णालयात येतो, तो याच कारणाने. गर्भधारणाही शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने, वजन स्थिर होईपर्यंत, टाळण्यास सांगतात.

काटा वाचण्याची रीत

चढउतारांशी जुळवून घेण्याची सुरुवात काट्याशी असलेले नाते बदलण्यापासून होते. दिवसातून तीनदा वजन करणारा माणूस पाण्याचे हेलकावे मोजत बसतो, आणि भीतीने काटा पलंगाखाली सरकवणाऱ्याला दहा किलो वाढल्याचे कपडेच सांगतात. या दोहोंमधली रीत म्हणजे आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी वजन करून ते वहीत लिहिणे आणि महिन्याच्या सरासऱ्यांची तुलना करणे. त्याच वहीत बेंबीच्या पातळीवरचा कमरेचा घेर, उपाशीपोटीची व तीन महिन्यांची सरासरी शर्करा, रक्तदाब आणि चालू असलेल्या गोळ्यांची संख्या लिहिली तर वजनाचा आकडा इतर आकड्यांच्या संगतीत बसतो आणि त्याचा अर्थ लागतो. तळाच्या वजनापेक्षा चार-पाच किलोंची वाढ सलग दोन-तीन महिने टिकली, किंवा काही दिवसांत अचानक वाढ-घट झाली, तर पुढच्या वार्षिक तपासणीची वाट पाहू नये. पाच किलोंवर केलेली विचारणा वीस किलोंवर केलेल्या विचारणेपेक्षा सोपी असते, तरीही रुग्ण वीस किलोंपर्यंत थांबतात, कारण त्यांना उपचाराआधी दटावणी मिळण्याची धास्ती असते. ही धास्ती घालवण्याची जबाबदारी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्यावरही येते.

व्यायामाच्या बाबतीत कांदिवलीकरांची परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सकाळच्या फिरायला जवळ आहे, आकुर्ली रस्त्यावर भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, पश्चिमेला पोईसर जिमखाना आहे, आणि जुन्या सोसायट्यांच्या आवारातील फेऱ्यांना काही खर्च येत नाही. चालण्याने हृदय सुदृढ होते, पण स्नायू राखण्यासाठी ताण देणारा व्यायाम, जसे खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, रबरी पट्ट्यांचे व्यायाम, जिने चढणे, हा आठवड्यातून दोन-तीन वेळा हवा, कारण वाढत्या वयात आणि कमी आहारात स्नायू आपणहून टिकत नाहीत. झोपेकडेही लक्ष हवे. पाच तासांच्या झोपेवर रोजचा प्रवास करणाऱ्याची भूक दुसऱ्या दिवशी वाढलेली असते आणि ती गोड-तळलेल्याकडे ओढ घेते.

मनाचा भाग सर्वांत शेवटी ध्यानात येतो, परंतु तो पहिल्यापासून चालू असतो. ज्याला दुःखात आणि आनंदात खाण्याचाच आधार होता त्याचा तो आधार शस्त्रक्रिया काढून घेते, आणि त्याजागी दुसरे काही उभे राहिले नाही तर काहींच्या बाबतीत खरेदी, मद्य किंवा चोरून खाणे ती जागा घेते. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर आणि जास्त चढते, ही गोष्ट अशा वेळी अधिक गंभीर होते. अंगावर लोंबणारी कातडी, गळणारे केस, आणि नातेवाइकांच्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या टिप्पण्या, म्हणजे पहिल्या वर्षी 'किती वाळलीस, काही आजार आहे का?' आणि चौथ्या वर्षी 'पुन्हा तब्येत सुधारली वाटते!', यांनी आरशातील माणूस स्वतःलाच अनोळखी होतो. समुपदेशकाकडे जाणे किंवा त्याच वाटेने गेलेल्या रुग्णांच्या गटात बसणे याचा उपयोग इथे औषधाइतकाच होतो.

त्या टिप्पणीतील शब्दांना मात्र खरा अर्थ मिळवून देता येतो. शस्त्रक्रियेनंतर सहा वर्षांनी तळापेक्षा दहा-बारा किलो जास्त वजन असलेला, पण कांदिवली स्थानकाचा पूल न थांबता चढणारा, रात्री श्वासाच्या यंत्राविना झोपणारा आणि शर्करेच्या दोन गोळ्या कमी झालेला माणूस वहीतील सगळे आकडे शेजारी ठेवून पाहील, तेव्हा त्याच्याविषयी 'तब्येत सुधारली' असे म्हणणाऱ्याने, नकळत का होईना, अचूक शब्द वापरलेले असतील.